वाचक विचारतात : आईची दोनशे चित्रं आणि एक मोजपट्टी

प्रश्न : ताई नमस्कार, मी नाशिकचीच, गंगापूर रोडला राहते. माझी आई चित्रकार आहे, ती स्वतःला तसं म्हणत नाही पण आहे. पंचवटीत वाढली, मुंबईला जेजे स्कूल ऑफ आर्टला शिकली, १९७६ला डिप्लोमा झाला आणि दोन वर्षांनी लग्न. बाबा जहाजांच्या कामात होते त्यामुळे आमचं बिऱ्हाड बंदराबंदरातून फिरलं, आधी केनियात मोंबासा, मग चार वर्षं नाशिक, मग जपानला कोबे, मग रॉटरडॅम, आणि २००५ला कायमचे परत. आई सगळीकडे चित्रं काढत होती. आता ती ७१ची आहे. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले, त्यानंतर घर आवरताना माळ्यावरून आणि पलंगाच्या पेटीतून मिळून दोनशेच्या वर चित्रं निघाली. मला त्यांचं प्रदर्शन करायचंय. मी देशांप्रमाणे गठ्ठे लावायला घेतले तर आई म्हणाली असं नको करूस, पण का ते सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी तिने इथे एका ग्रुप शोमध्ये सहा चित्रं लावली होती तेव्हा एक मोठे जाणकार तिला सगळ्यांसमोर म्हणाले की तुमच्या कामात ना इकडचं काही ना तिकडचं, स्वतःची अशी स्टाइलच नाही. त्यानंतर तिने कुठे चित्र लावलं नाही. तर, चित्रांचा क्रम कसा लावू, आईला बोलतं कसं करू, आणि काही चित्रांवर बुरशी धरलीये त्याचं काय करू?
– एक मुलगी, नाशिक

उत्तर : आधी बुरशीचं सांगते कारण ते थांबणार नाही. आपल्याकडे गोदेचं पाणी चढून घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की समजायचं घरातल्या कागदानेही पाणी प्यायला सुरुवात केली, हवेतला ओलावा सत्तर टक्क्यांच्या वर राहिला की कागदावर बुरशी धरते, आणि पलंगाची पेटी ही त्यासाठी सगळ्यात वाईट जागा, हवाच खेळत नाही. ज्या चित्रांवर डाग आहेत ती आजच्या आज बाकीच्यांपासून वेगळी कर. कोरड्या दिवशी गच्चीत सावलीला (उन्हात नाही, उन्हात जलरंग उडतात, आधी लाल जातो) सुटी पसरून ठेव, बुरशी पूर्ण वाळली की मऊ ब्रशने हलकेच झाड, तोंडाला मास्क लावून. ओलं फडकं लावायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी नाही. डांबराच्या गोळ्या चित्राला टेकवून ठेवायच्या नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळायचं नाही, त्या कागदातलं आम्ल चित्राला पिवळं करतं. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही, लॅमिनेशन केलेलं चित्र परत सोडवता येत नाही. अ‍ॅसिड-फ्री कागद मिळतो, आर्ट मटेरियलवाले मागवून देतात, प्रत्येक दोन चित्रांमध्ये एक घाल आणि गठ्ठा आडवा ठेव. कसर लागलीये का तेही कडांना बघ.

गुंडाळलेले कॅनव्हास असणार, रॉटरडॅमचे बहुतेक. ते उलगडायची घाई करू नकोस. थंडीत रंगाचा थर कडक होतो आणि तडकतो, निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या यायला लागल्या की कॅनव्हासला हात लावायचा नाही, मार्च उजाडू दे, एखाद्या उबदार दुपारी दोघींनी दोन टोकं धरून सावकाश उलगडा. आणि परत गुंडाळायचेच असतील तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड पाइपवर. सगळे जण उलटं करतात, रंग आत ठेवतात, त्यांना वाटतं तो सुरक्षित राहील, पण आत असला की तो दाबला जाऊन चुरगळतो आणि खपल्या निघतात.

आता क्रमाचं. आई देशांप्रमाणे गठ्ठे करू नको म्हणाल्या ते मला एका झटक्यात पटलं, आणि का पटलं ते सांगते. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली आणि रविवारी सकाळी गोदाघाटावर बसून जलरंग केले, शिवाजी तुपे सरांनी नाशिकचे वाडे आणि घाट जागेवर बसून रंगवले ते बघत आमची पिढी मोठी झाली. पण माझा मुलगा लहान होता त्या चार वर्षांतलं माझं एकही चित्र पोस्टकार्डापेक्षा मोठं नाहीये. एकही नाही. ओट्याच्या कोपऱ्यावर जेवढी जागा तेवढा कागद, आणि बाळ उठेपर्यंत जेवढा वेळ तेवढं चित्र. उद्या कुणी ते बघून म्हणेल या काळात बाईंवर लघुचित्रांचा प्रभाव होता. कसला प्रभाव, कुकरच्या तीन शिट्ट्या एवढाच वेळ होता.

म्हणून तुला सांगते, गठ्ठे मोड, एक मोजपट्टी घे, आणि सगळी चित्रं मोज. लांबी, रुंदी, कागद कुठला, रंग कुठला. एका वहीत लिही. मग मापांप्रमाणे लाव, पोस्टकार्डाएवढी एकीकडे, मग त्याच्यापेक्षा मोठी, मग त्याच्यापेक्षा. हे मी मनाने काढलेलं नाहीये. आई जिथे राहिल्या त्याच रॉटरडॅममध्ये बॉयमन्स म्युझियमने २०२१ला आपलं सगळं गोदाम लोकांना बघायला खुलं केलं, आरशांनी मढवलेली गोल वाडग्यासारखी इमारत आहे, आत दीड लाखाच्या वर वस्तू, आणि तिथे चित्रं देशाप्रमाणे किंवा शतकाप्रमाणे लावलेली नाहीत, आकाराप्रमाणे आणि कुठल्या वस्तूला कसली हवा लागते त्याप्रमाणे लावलीयेत. त्यामुळे एरवी कधी शेजारी आली नसती अशी चित्रं शेजारी येतात. तुझ्या हॉलमध्ये तेच होऊ दे.

आणि मोजताना मोंबासाची चित्रं नीट बघ. मला शंका आहे की त्यात काही हार्डबोर्डवर असतील, आपण दरवाजाला मारतो त्या ऑइलपेंटने केलेली, चकचकीत. ती फेकून द्यायच्या लायकीची वाटतील, फेकू नकोस. शेजारच्या टांझानियात दार-ए-सलामला १९६८च्या सुमाराला एडवर्ड सईदी टिंगाटिंगा नावाच्या माणसाने हार्डबोर्डच्या चौकोनी तुकड्यांवर सायकलच्या रंगाने पशुपक्षी रंगवायला सुरुवात केली, तो १९७२ला गेला पण त्याच्या नावानेच तिकडे सगळी पद्धत पडली. आई मोंबासाला पोचल्या तोवर ते तिकडे रुजलं होतं. जेजेत कॅनव्हास आणि जवसाच्या तेलावर शिकलेल्या मुलीने असल्या रंगाला हात लावला असेल तर तिने ते किती मोकळ्या मनाने केलं असेल याचा विचार कर. हार्डबोर्ड मात्र दमटाने वाकतो, उभा ठेव, कडेवर, भिंतीपासून चार बोटं लांब. त्या चित्रांत बायका असतील तर त्यांचं कांगा, म्हणजे अंगाला गुंडाळायचं छापील कापड, बघ, त्या कापडावर खालच्या बाजूला स्वाहिलीत एक ओळ छापलेली असते, म्हण असते किंवा टोमणा. आईंनी ती ओळ रंगवली असेल तर अर्थ विचार, बायका कुठलं कांगा कुणासमोर नेसतात यातून बरंच काही बोलत असतात आणि आईंना ते कळत असणार.

आता त्या 'ना इकडचं ना तिकडचं'वर बोलते, आणि हे आईंना वाचून दाखव, मोठ्याने. मला ते वाक्य वाचून त्रास झाला. एका वाक्याने एका बाईची वीस वर्षं घालवली. इकडचं आणि तिकडचं अशा दोन वेगळ्या पेट्या चित्रकलेत कधी नव्हत्याच गं. रेम्ब्राँ आयुष्यात हॉलंडच्या बाहेर गेला नाही, पण अ‍ॅमस्टरडॅममध्ये बसून त्याने आपल्या मुघल चित्रांच्या वीसच्या वर नकला केल्या, शहाजहानच्या सुद्धा, आणि त्या आशियातून आलेल्या कागदावर. आपण ज्याला बंगालचा वॉश म्हणतो, एकदम देशी, स्वदेशीच्या काळातला, त्यातलं ते कागद पाण्यात बुडवून रंग धूसर करणं अवनींद्रनाथ टागोरांना कुठून मिळालं, तर १९०३ला योकोयामा तायकान आणि हिशिदा शुनसो हे दोन जपानी चित्रकार कलकत्त्याला आले त्यांचं काम बघून. अमृता शेरगिल बुडापेस्टला जन्मली, आई हंगेरियन, पॅरिसला शिकली, तिथे सॅलों या मोठ्या प्रदर्शनाचं पदक घेतलं, १९३४ला परत आली, मग अजिंठा बघितला, आणि त्यानंतर दक्षिण हिंदुस्थानातल्या माणसांची ती मोठी चित्रं केली. १९४१ला लाहोरला वारली तेव्हा २८ची होती. आज तिची चित्रं राष्ट्रीय कलासंपत्ती आहेत, देशाबाहेर विकायला बंदी आहे. तिला ना इकडची ना तिकडची म्हणणारेही होतेच की.

तुझ्या आईंनी कोबेत शाईची चित्रं केली असतील तर तो हात पंचवटीच्या मुलीचाच आहे. शाईची कांडी दगडावर पाणी घालून घासायची, दहा पंधरा मिनिटं नुसतं घासत बसायचं, आणि मग जो फटकारा मारला तो मारला, खोडता येत नाही, कागद लगेच पितो. हे ज्याने केलंय त्याला माहितीये की त्यात कुणाची नक्कल करता येत नाही, हाताला जे वळण आहे तेच उतरतं. आणि हातात काय होतं, तर घाटाच्या पायऱ्यांवर बसून पाण्यातली हलणारी प्रतिबिंबं काढायची सवय. स्टाइल बघायची असेल तर पाणी बघ. बंदरं, खाडी, कालवे, घाट. माझी खात्री आहे, दोनशेपैकी दीडशे चित्रांत कुठेतरी पाणी निघेल.

उजेडाचंही बघ. मोंबासा विषुववृत्ताच्या अगदी जवळ, दुपारी सावली पायाखाली जाते, आणि रॉटरडॅमला डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि साडेचारला मावळतो, दिवसभर सावल्या लांबच लांब. तारीख लिहिलेली नसेल तर सावलीवरून अंदाज येतो चित्र कुठलं ते.

आईला बोलतं करायचं तर मोठे प्रश्न विचारू नकोस. 'तुला जपानने काय दिलं' असं विचारलंस तर त्या म्हणतील काही नाही गं, आणि उठून चहा टाकतील. एक चित्र हातात द्यायचं आणि विचारायचं, हे कुठे बसून काढलंस? टेबल कुठलं होतं? मी कुठे होते तेव्हा? स्वयंपाक झाला होता का? रंग कुठून आणलेस, पैसे कुठले? मोबाइलचं रेकॉर्डिंग आधी सांगून लाव, रोज दोन चित्रं, जास्त नाही. आणि जे कळेल ते चित्राच्या मागे मऊ पेन्सिलने, कोपऱ्यात, हलक्या हाताने लिही. बॉलपेनने नाही, पुढच्या बाजूला उमटतं.

फोटो काढताना फ्लॅश नको, सकाळी गॅलरीत उन्हाआड चित्र उभं करून मोबाइल अगदी समोर धर. प्रदर्शनाला दोनशे लावू नकोस, चाळीस पुरे. कुसुमाग्रज स्मारकात दालन आहे, जाऊन चौकशी कर, तारखा आधी घ्याव्या लागतात. चित्राचा मध्य जमिनीपासून पावणेपाच फुटांवर येईल असं टांग, आणि छोटी चित्रं एकत्र, दाटीने, म्हणजे लोक जवळ जातील.

एक शेवटचं, थोडं विषय सोडून आहे. पांडवलेणीला तू शाळेच्या सहलीत गेली असशील, आता आईंना घेऊन जा, पायऱ्या झेपत असतील तर. तीन नंबरचं लेणं गौतमी बलश्रीने दान दिलंय, सातवाहनांची राजमाता. तिचा मुलगा स्वतःला गौतमीपुत्र म्हणवत होता. आणि तिथला तो मोठा शिलालेख तिच्या नावाने आहे, पण त्यात ओळीच्या ओळी मुलाचं वर्णन, त्याचा पराक्रम, त्याची कीर्ती. आईने मुलाबद्दल दगडावर लिहून ठेवलं. तुझ्या हातात आता आईबद्दल लिहायचं काम आलंय, ते पेन्सिलने कर पण कर.

प्रश्न : आईने वीस वर्षांपूर्वी गोदाघाटाचं एक मोठं जलरंग एका संस्थेला विकलं. आता ती संस्था दर दिवाळीला ते चित्र डायरीवर छापते, विकते सुद्धा, आईचं नाव कुठेच नाही. विचारलं तर म्हणतात चित्र आम्ही विकत घेतलंय. ते बरोबर आहे का?
– मुलगा, सिन्नर

उत्तर : नाही. विकत घेतला तो कागद आणि त्यावरचा रंग. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र विकलं म्हणून छापायचा हक्क आपोआप जात नाही, तो लेखी दिला असेल तरच जातो, आणि तोही सहीचा कागद लागतो. हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे आईनंतर तो तुमच्याकडे येतो. शिवाय नाव लावून घ्यायचा हक्क वेगळा आहे, तो छापायचा हक्क विकला तरी जात नाही. त्या वेळची पावती शोधा, त्यावर विक्रीशिवाय काय लिहिलंय ते बघा, डायरीच्या सगळ्या वर्षांच्या प्रती जमवा, आणि मग वकिलाकडून साधं पत्र पाठवा. आईंच्या सहीने पाठवा, तुमच्या नाही. इथून पुढे चित्र विकताना पावतीवर एक ओळ घालायची, 'छपाईचे हक्क चित्रकाराकडे', एवढी ओळ पुरते.

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे, आजीसारखं चित्रकार व्हायचं म्हणते, आत्तापासून एलिमेंटरीची तयारी करून घेऊ का?
– आई, इंदिरानगर

उत्तर : नको. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला खूप वेळ आहे. आत्ता तिला आजीच्या शेजारी बसू द्या, आजी रंग कालवते ते बघू द्या, आणि मोठे कागद द्या. खरंच मोठे, जमिनीवर पसरता येतील असे.

अंक छपाईला जाता जाता : पहिल्या पत्रातल्या मुलीला मी उत्तर आधीच मेलने पाठवलं होतं, तिचं काल परत पत्र आलं. तिच्या परवानगीने त्यातला भाग देते.

"ताई, सगळी मोजली, २१४ निघाली. १९८३पर्यंतची सगळी दोन फूट बाय दोन फूट, हार्डबोर्ड, तुम्ही म्हणालात तसाच ऑइलपेंट. १९८३च्या ऑगस्टपासून एकदम सहा इंच बाय आठ इंच, मी ऑगस्टची आहे. नाशिकच्या चार वर्षांत सगळी मिळून फक्त पाच चित्रं, तेव्हा आम्ही एकत्र कुटुंबात अकरा जण होतो. कोबेत बहुतेक शिकिशी, ते तयार जाड कार्ड मिळतं ना साधारण २४ बाय २७ सेंटिमीटरचं, आई म्हणाली ते ड्रॉवरमध्ये मावायचं. आणि रॉटरडॅमला भाऊ हायस्कूलला गेला त्या वर्षापासून तीन फूट, चार फूट. आई वही बघत बसली बराच वेळ, आणि म्हणाली बघ, म्हणून म्हटलं देश नको लावूस.

एक चित्र पाच फूट लांब आणि फक्त आठ इंच रुंद आहे, शाईचं, बायकांची ओळ, हातात बादल्या, मागे पायऱ्या. मी लहानपणापासून ते रामकुंडावरचं समजत होते, माझ्या खोलीत लावलेलं होतं. काल हातात दिलं आणि कुठे बसून काढलंस विचारलं तर म्हणाली फुटपाथवर. १७ जानेवारी १९९५ला पहाटे पावणेसहाला कोबेचा तो भूकंप झाला, सहा हजारांच्या वर माणसं गेली, मी आणि भाऊ तेव्हा इथे आजीकडे होतो. आई-बाबा वाचले, घर उभं राहिलं, पण नळाला पाणी नव्हतं, गॅस नव्हता, आठवडेच्या आठवडे. ती पाण्याच्या टँकरची रांग आहे. आईने रांगेत तीन तास उभं राहून एक बादली आणली आणि त्यातलं दोन चमचे पाणी शाई घासायला काढलं. तीस वर्षं कुणाला सांगितलं नाही, म्हणाली बाबा काही बोलले नसते पण मलाच वाटलं की अशा वेळी पाणी चित्राला घालवलं. मला ते प्रदर्शनात कुठे लावू कळत नाहीये."

दारातून आत आल्यावर समोरच्या भिंतीवर लाव, एकटं, आजूबाजूला दुसरं काही नको. सोय असेल तर काच लाव पण काच चित्राला टेकू देऊ नकोस, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घाल. आणि मागे आजच पेन्सिलने लिही, आईंनी सांगितलं तेवढंच, दोन चमच्यांसकट.